पहिला ईसीजी नॉर्मल, तरी हार्ट अटॅक?

प्रश्न : वडिलांना (वय 61, मधुमेह) पहाटे छाती जड होऊन दरदरून घाम आला. अर्ध्या तासात ईसीजी काढला, तो नॉर्मल होता. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून घरी पाठवलं. संध्याकाळी रक्ततपासणीत हार्ट अटॅक निघाला. सकाळचा ईसीजी चुकला होता का?

उत्तर : ईसीजी बहुधा बरोबरच होता, त्याच्यावर विसंबून थांबणं चुकलं. ईसीजी ही हृदयाच्या विद्युतक्रियेची जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतली गुठळी कधी वाट पूर्ण बंद करते, कधी अर्धवट. कधी विरघळते आणि पुन्हा जमते. त्या दहा सेकंदांत रक्त वाहत असेल, तर आलेख साफ येऊ शकतो. शिवाय नेहमीच्या बारा लीड्समध्ये, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून पाहणाऱ्या नोंदींमध्ये, हृदयाची मागची बाजू नीट दिसत नाही. तिच्यासाठी डाव्या खांद्याच्या पात्याखाली, पाठीवर जादा इलेक्ट्रोड लावावे लागतात. घाईत नेमकं हेच राहून जातं.

म्हणून दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर 15 ते 30 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात आणि जुन्या ईसीजीशी ताडून पाहतात. वडिलांचा जुना ईसीजी असेल तर फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

आता ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूपेशी मरू लागल्या की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते साधारण 3 ते 6 तासांनी सापडतं. अर्ध्या तासात केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ ‘अजून कळत नाही’ एवढाच. नव्या, अतिसंवेदनशील चाचणीतही बहुतेकदा एक ते तीन तासांच्या अंतराने दोन नमुने घेतात, कारण खरी खूण आकड्याच्या चढउतारात असते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही ट्रोपोनिन वाढलेलं असतं, पण ते बहुधा त्याच पातळीवर राहतं. मात्र ईसीजीत एसटी रेषा (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा, एरवी सपाट भाग) स्पष्ट उचललेली दिसली, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहणं म्हणजे स्नायू गमावणं. तिथे थेट रोहिणी उघडायची.

मधुमेहात नसा बोथट झाल्याने छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ शकते. अँटासिडने बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही.

प्रश्न : रुग्णवाहिका येईपर्यंत घरी कोणती गोळी द्यावी?

उत्तर : अ‍ॅस्पिरिन, 300 मिलिग्रॅम, चावून. अख्खी गिळली तर असर उशिरा होतो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, चालू रक्तस्राव किंवा पक्षाघाताची शंका असेल तर देऊ नका. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी) मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यालाच, आणि बसवून द्या. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल किंवा गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल, तर या गोळीने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो.

आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून सोबत द्या. ट्रोपोनिनचा अर्थ त्या वेळेवरून लागतो. अँजिओप्लास्टी वेळेत शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या 12 तासांतच देतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे.