‘स्पिट’, ‘डेल्व्ह’, ‘मोल्ड’: मातीतल्या जुन्या इंग्रजी शब्दांचे मराठी

प्रश्न असा आहे: बागकामावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘टू स्पिट्स डीप’ खणायला सांगितले आहे, शिवाय ‘डेल्व्ह’ आणि ‘मोल्ड’ हे शब्दही येतात. कोशातला पहिला अर्थ घेतला तर वाक्य लागत नाही. मराठीत काय लिहावे?

आधी ‘स्पिट’, कारण इथे चुकले तर वाक्याबरोबर वाफाही बिघडेल. हा थुंकण्याचा शब्द नव्हे आणि मांस भाजायच्या सळईचाही नव्हे. स्पेडचे (पायाने दाबून खणायच्या सपाट पात्याच्या अवजाराचे) पाते एकदा पूर्ण रुतले की जेवढी खोली मिळते तो एक स्पिट, साधारण 25 सेंटिमीटर. ‘दोन फावडी खोल’ मात्र लिहू नये. आपण फावड्याने माती ओढतो; स्पेड पायाने दाबून सरळ खाली रोवतात. ‘दोन पाती खोल’ लिहावे आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘सुमारे 50 सेंटिमीटर’ असे जोडावे. विहिरीची खोली परसांत सांगणाऱ्या भाषेला अवजाराने मोजलेली खोली परकी वाटायचे कारण नाही.

दोन पाती खोल खणण्याची कृतीही समजून घ्यायला हवी. वाफ्याच्या एका टोकाला सुमारे 60 सेंटिमीटर रुंद आणि एक पाते खोल चर खणतात आणि ती माती दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात. चराचा तळ काट्याने (लांब दात्यांच्या ‘फोर्क’ या अवजाराने) आणखी एक पाते खोल मोकळा करतात, तिथे शेणखत घालतात, पण ती माती वर काढत नाहीत. मग शेजारच्या पट्टीतली वरची माती या चरात उलटतात. असे करत गेले की शेवटच्या चरात पहिली माती येते. भाषांतरात ‘दोन पाती माती उपसावी’ असे आले, तर वाचणारा खालची निकस माती वर आणेल आणि सुपीक थर गाडून टाकेल. म्हणून क्रियापद ‘भुसभुशीत करणे’ हवे.

पुरातत्त्वाच्या अहवालातही स्पिट भेटतो. तिथे तो ठरावीक जाडीचा, उदाहरणार्थ 10 सेंटिमीटरचा, खणण्याचा टप्पा असतो. ‘थर’ हा शब्द नैसर्गिक थरासाठी राखून ठेवावा. स्पिटला मी ‘खणटप्पा’ सुचवेन.

‘डेल्व्ह’चा मूळ अर्थ सरळ ‘खणणे’. जुन्या इंग्रजीत ‘डेल्फान’ आणि ‘ग्राफान’ ही खणण्याची नेहमीची क्रियापदे होती. ‘डिग’ नंतर आला. इंग्लंडमधल्या 1381 च्या शेतकरी उठावात धर्मोपदेशक जॉन बॉलने ज्या जोडओळीवर प्रवचन केले, तिचा आशय असा: आदम खणत होता, हव्वा सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता? तिथे खणण्याला ‘डेल्व्ह’च आहे. आज तो ‘एखाद्या विषयात खोलवर शिरणे’ या अर्थाने उरला आहे, म्हणून पुस्तकाचा काळ पाहूनच मराठी शब्द निवडावा. ‘ग्राफान’च्या घराण्यातून कबरीचा ‘ग्रेव्ह’ आला. खाचेचा ‘ग्रूव्ह’ त्याचाच नातलग. तो पूर्वी खाणीच्या खड्ड्यालाही म्हणत आणि शिशाच्या खाणीतला कामगार ‘ग्रूव्हर’ असे.

‘मोल्ड’ हे एका स्पेलिंगखाली दडलेले तीन शब्द आहेत: बुरशी, साचा आणि माती. ‘लीफ मोल्ड’मध्ये तिसरा आहे, त्यामुळे ‘पालापाचोळ्याचे खत’ लिहावे. ‘पानांवरची बुरशी’ लिहिले तर वाचणारा औषध फवारायला जाईल. नांगराच्या ‘मोल्डबोर्ड’मध्येही मातीच आहे: फाळाने कापलेली माती उलटवणारा तो भाग. याच मातीतून ‘मोल्डवार्प’ हा सुंदर शब्द झाला, अर्थ ‘माती फेकणारा’. शेक्सपिअरने तो ‘मोल’ या प्राण्यासाठी वापरला आहे. काही जण मोलला चिचुंद्री म्हणतात, ते चूक. चिचुंद्री घरातून फिरते, मोल जमिनीत बोगदे खणतो. ‘मोल’च ठेवावे.

जाता जाता ‘डाइक’विषयीही सांगतो, तो या पुस्तकांत हमखास येतो. ‘डिच’ आणि ‘डाइक’ मुळात एकच. चर खणला की निघालेली माती शेजारीच पडते, त्यामुळे खड्डा आणि बांध दोघांना एकच नाव मिळाले. इंग्लंड-वेल्स सीमेजवळच्या, आठव्या शतकातल्या ‘ऑफाज डाइक’मध्ये दोन्ही आहेत. पूर्व इंग्लंडच्या फेन्स भागात डाइक म्हणजे पाण्याचा चर, स्कॉटलंडमध्ये दगडी कुंपण, हॉलंडविषयी लिहिताना बांध. लेखक कुठला हे पाहिल्याशिवाय या शब्दाला हात घालू नये.