टीव्हीवरील पुरातत्त्व कार्यक्रमांत रोमनपूर्व ब्रिटनचे चित्र कितपत खरे असते?

घरे, शेती आणि अवजारे यांचे चित्रण बहुतांशी विश्वासार्ह असते. श्रद्धा आणि विधी यांविषयी ठामपणे सांगितलेले मात्र बरेचदा अंदाजच असतात. इ.स. ४३ मधील रोमन स्वारीपूर्वी तिथल्या लोकांनी स्वतःचा लिखित इतिहास ठेवला नव्हता, त्यामुळे खांबांचे खड्डे, खापरे आणि हाडे यांवरूनच बहुतेक सारे जुळवावे लागते. इंग्लंडमधील नॉरफोकच्या किनाऱ्यावर १९९८ साली उघडे पडलेले ‘सीहेंज’ पाहा: ओकच्या ५५ खांबांचे वर्तुळ आणि मधोमध मुळे वर करून पुरलेला प्रचंड बुंधा. लाकडातील वलयांवरून ही झाडे इ.स.पूर्व २०४९ मध्ये तोडली, इतके नेमके कळते. पण बुंधा उलटा का पुरला हे लाकूड सांगत नाही, आणि नेमक्या त्याच जागी पडद्यावर मशाली आणि मंत्रोच्चार येतात. स्टोनहेंज हे इंग्लंडमधील प्रचंड दगडांचे प्राचीन वर्तुळ ड्रुइड पुरोहितांनी उभारले, ही समजूत तर चुकीचीच आहे, कारण तिथले मोठे दगड ड्रुइडांच्या पहिल्या लेखी उल्लेखाच्या २,००० हून अधिक वर्षे आधीचे आहेत. अर्थात सर्वच कार्यक्रमांना एका मापाने मोजू नये: चॅनल ४ वरील ‘टाइम टीम’मध्ये तीन दिवसांचे उत्खनन चालू असतानाच तज्ज्ञांचे मतभेद प्रेक्षकांसमोर येत, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.