पुसून मग पुसा

‘बूट फर्मवेअरच्या (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) मराठी टिपणात मेमरी क्लिअर करण्याला “रिकामी करणे” म्हणावे का?’ असा प्रश्न आला आहे.

मुळीच नको. हे ‘रिकामी करा’ ऐकून कान किटले. मेमरी म्हणजे डबा नव्हे. प्रत्येक बिटात 0 किंवा 1 असतोच, रिकामा बिट नसतो. रॅम (वीज असेपर्यंतची कामाची मेमरी) असेल तर ‘शून्य भरा’ म्हणा. फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) असेल तर ‘पुसा’, कारण ती पुसली की सहसा सगळे बिट 1 होतात, शून्य नव्हे.

काही शुद्धिप्रेमींना यावर ‘स्मृतिमार्जन’ हवे असते. मार्जन आले ‘मृज्’ धातूवरून. अंग चाटून साफ करणारा तो मार्जार, तोही यातलाच. पण बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात याच ‘मृज्’साठी पुंछ, फुस, पुस असे पर्याय नोंदवले आहेत. म्हणजे मार्जनाची गादी ‘पुस’ने केव्हाच घेतली. तिथे पुन्हा मार्जन बसवायचा हट्ट कशाला?

गंमत पुढेच आहे. ‘विचारपूस’मधला पूस यातला नाहीच. तो ‘पृच्छ्’चा: पुच्छ, मग पुस. ‘विचारणे म्हणजे शंका पुसून टाकणे’ अशी जोडणी करून दोन्ही एकाच धातूत कोंबणाऱ्यांना माझा नमस्कार. कुळे दोन, मराठीत येऊन रूप एक झाले, इतकेच.

आणि हा योगायोग फर्मवेअरवाल्यांसाठीच घडला असावा, असे माझे लाडके मत आहे. 64-बिट आर्म प्रोसेसरवर एमएमयू (मेमरीचे पत्ते आणि जात सांभाळणारा भाग) बंद असताना डेटासाठी सगळी मेमरी ‘डिव्हाइस’, म्हणजे साधी मेमरी नसून जोडलेले उपकरण, अशी धरली जाते. तिथे मेमसेटने (मेमरीत एकच मूल्य भरणाऱ्या फंक्शनने) झटपट शून्य भरणारी ‘डीसी झेडव्हीए’ सूचना वापरली, की ‘अलाइनमेंट फॉल्ट’ ही प्रोसेसरची चूक येऊन बूट जागीच अडकते. म्हणून मेमरी कुठल्या जातीची हे आधी पुसावे, मग पुसावी.

पुसल्यावरही खात्री नाहीच. गुप्त किल्ली ठेवलेला बफर (मेमरीचा तुकडा) शेवटी मेमसेटने पुसता, पण पुढे तो कोणी वाचत नाही हे पाहून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती ओळच गाळतो. याला आपल्याकडे तोंडाला पाने पुसणे म्हणतात. सी भाषेच्या सी23 या प्रमाणात ‘मेमसेट एक्स्प्लिसिट’ आले ते यासाठीच, ती ओळ गाळली जाऊ नये म्हणून. वीज गेली की आपोआप पुसले जाईल म्हणावे, तर डीरॅममधला (संगणकाच्या नेहमीच्या रॅममधला) मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप थंड केली तर आणखी जास्त, हे 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले. तोवर तो नुसता पुसट होत जातो. हा ‘पुसट’ही ‘मृज्’वाल्या घरातलाच बरं का!

तर, प्रश्न काय होता? हां. ‘क्लिअर करणे’ लिहिलेत तरी माझी हरकत नाही. ‘रिकामी’ तेवढे खोडा.