प्रवासात रस्त्यावरचे फोटो काढताना चांगली फ्रेम कशी शोधावी?

माणसांच्या मागे धावू नका, आधी जागा निवडा. भिंतीवर पडलेला तिरका उन्हाचा पट्टा, जिन्याचं वळण, कमान असं काही दिसलं की तिथेच थांबा आणि कोणीतरी चौकटीत येण्याची वाट पाहा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा सायकलस्वाराचा फोटो आठवा: समोर गोल जिना, त्याच्या पायथ्याशी वळणाऱ्या रस्त्यावर सायकल. जिना नसता तर त्या सायकलकडे कोण बघणार?

मग कडा तपासा. डोक्यामागून उगवलेला खांब, कोपऱ्यातला अर्धा हात अशा गोष्टी गर्दीत हमखास घुसतात. अर्धं पाऊल बाजूला सरकलं तरी बऱ्याचदा काम होतं. चालत्या माणसांसाठी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा. तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवणं? ठीक आहे, पण त्याचा फार बाऊ होतो.