सेल सापडला, पण संध्याकाळी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईचं पत्र आलंय. खाली सही नाही, मुलाचं नाव नाही, म्हणून मी त्याला बंड्या म्हणते. बंड्या सव्वादोन वर्षांचा. घर जुनं, लाकडी जिन्याचं. घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि हा. गेल्या पंधरा दिवसांत त्याने स्वयंपाकघरात शिरून आतून कडी लावली. गॅसवर दूध आणि आई बाहेर. शेजारचा मुलगा गॅलरीतून आत उतरला म्हणून निभावलं. मग आजोबांचं कानाचं मशीन नाहीसं झालं, ते कणकेच्या डब्यात मिळालं. आणि परवा देवघरासमोर त्याने तेलाची अख्खी बरणी ओतली, तेव्हा आईचा हात उठला. ती लिहिते: "मावशी, मी त्याला मारलं. रात्री तो झोपेत हुंदके देत होता. सासूबाई म्हणतात, तुझं लक्षच नसतं. पाहुणे आले की सगळे त्याच्या गमती सांगून हसतात आणि मी पोतेरं घेऊन उभी असते. मी वाईट आई आहे का?"

नाहीस गं. पण त्याआधी दुसरं बोलू. तुझ्या पत्रात एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस आणि माझा जीव तिथेच अडकला. "मशीन डब्यात मिळालं, त्यातला सेल मात्र संध्याकाळी सोफ्याखाली सापडला."

म्हणजे अर्धा दिवस तो सेल कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळ, ही गंमत नाही. तो चपटा गोल सेल ओल्या जागी टेकला की त्यातून वीज वाहू लागते आणि तिथे भाजणारा क्षार तयार होतो. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजतं. कानाच्या मशीनचा सेल लहान असतो, पण मुलाने तो नाकात किंवा कानात घातला तर तोही तिथलं मांस जाळतो. रिमोट, वजनाचा काटा, गाडीची चावी, वाजणारी खेळणी यांतले रुपयाएवढे सेल तर फार वाईट. मूल त्यानंतर खेळतही राहील, रडणारही नाही, म्हणून फसायचं नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, शौचातून पडेल म्हणून थांबायचं नाही, थेट एक्सरे. १०८ लावा, नाहीतर रिक्षा करून सयाजी हॉस्पिटल गाठा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आज रात्रीच सासऱ्यांजवळ बस. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांचा काहीच दोष नाही. एक घट्ट झाकणाची डबी दे, नवे आणि वापरलेले दोन्ही सेल तीतच, आणि डबी कपाटाच्या वरच्या फळीवर. मशीनही रात्री उशाशी नको, तिथेच वर.

आता सासूबाईंच्या "लक्ष नसतं"बद्दल. माझी लेक अडीच वर्षांची असताना तिने हरभऱ्याची डाळ नाकात घातली. मला कळलं चौथ्या दिवशी. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत होतं आणि मी सर्दी समजून काढा पाजत होते. डॉक्टरांनी मिनिटभरात डाळ काढली. फुगून केवढी तरी झाली होती. ते चारही दिवस मी घरातच होते, तिच्यापासून दोन हातांवर. लक्ष होतंच. (तुझ्यावर अशी वेळ आली तर घरी पिन किंवा चिमटा घालू नकोस, वस्तू आणखी आत सरकते. पाणीही सोडू नकोस.)

सव्वादोन वर्षांच्या मुलावर चोवीस तास डोळा ठेवणं एका बाईच्या हातचं नाही, आणि ते तिच्याकडून मागायचंही नसतं. ते काम घराच्या रचनेनं करायला हवं. सुताराला बोलव. स्वयंपाकघर आणि मोरीच्या दारांच्या खालच्या कड्या काढायला लाव आणि वर, तुझ्या डोक्याच्या उंचीला लावून घे. जिन्याला वर आणि खाली लहान फाटक. मोरीतली बादली वापर नसेल तेव्हा रिकामी आणि पालथी. वीतभर पाण्यातही मूल बुडतं, आणि आवाज होत नाही. उत्तरायणाला घरोघर शेंगदाण्याची चिक्की येईल, ती त्याच्या हाती नको. चार वर्षांचा होईपर्यंत अख्खा दाणा, फुटाणा नाहीच. हा सगळा सुताराचा आणि फळीचा मामला आहे. त्यात तुझं चांगलं-वाईट आई असणं कुठेच येत नाही.

तेलाचं मात्र वेगळं. देवासमोर तू रोज समईत तेल घालतेस, ते तो पाहतो. त्यानेही घातलं. बरणी मोठी होती, एवढंच. या वयाचं मूल "सांडू नकोस" ऐकतं, पण तोवर हात निघालेला असतो. स्वतःला आवरणं शिकायला पुढची कितीतरी वर्षं लागतात. लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी भावनगरला त्याच कामातल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, पुढे १९४५ साली बोर्डीला बालवाड्या सुरू केल्या. त्या परंपरेत मुलाला खरं काम देतात: पाणी ओतायचं, धान्य निवडायचं, पुसायचं. तूही दे. एक छोटा तांब्या, दोन वाट्या, मोरीच्या उंबऱ्याशी पाणी, आणि त्याचं स्वतःचं एक फडकं. सांडलं की तुझ्याबरोबर तोही पुसेल. चांगलं पुसणार नाही, पुसू दे.

मारलंस त्याचं मला वाईट वाटलं, आणि तुलाही वाटतंय, नाहीतर पत्र आलंच नसतं. उद्या त्याला मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांग: "आईने मारलं, आई चुकली. तेल सांडलं, आईला राग आला." त्याला कळतं. पुढच्या वेळी हात उठतोय असं वाटलं की त्याला आजोबांच्या मांडीवर दे आणि तू गॅलरीत जा. तेल दहा मिनिटं तसंच राहू दे. फरशीला घाई नसते.

आणि ते हसणं. मला वाटतं तुझं खरं दुखणं तिथं आहे. बंड्या सगळ्यांचा, त्याची गंमत सगळ्यांची, आणि तेल तेवढं तुझं. नवऱ्याला हे पत्र वाचून दाखव. त्याला सांग, जो पाहुण्यांना गंमत सांगणार त्याने त्या दिवशीची फरशी पुसलेली असली पाहिजे. सासूबाईंनाही एकदा विचार, "हे लहान असताना काय काय करायचे?" त्या आठवून सांगायला लागल्या की "तुझं लक्ष नसतं" म्हणायला त्यांनाच जड जाईल. त्याही कधीतरी पोतेरं घेऊन उभ्या असणार, आणि बहुतेक कुणी विचारलं नसणार.

येत्या रविवारी बाप-लेकाला कमाटीबागेत धाड. तिथल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. बंड्या त्याच्याखाली उभा राहून मान वर करील आणि बराच वेळ तसाच राहील. जेवणाचा डबा त्यांच्याबरोबर दे. तू दार लावून झोप, आणि कडी कुठल्या उंचीवर लागली ते मला कळव.