शब्द पाठ आहेत, मग वाक्य का अडतं?

इंग्रजी शब्दसंपत्तीविषयी फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहे.

प्रश्न : रोज किती शब्द शिकावेत?

पाच ते सात. आठ दिवसांनी शिक्षकांना तोंडी विचारायला सांगा.

प्रश्न : '30 दिवसांत 5000 शब्द' हा कोर्स लावू का?

लावू नका. रोजचे जवळपास 167 शब्द होतात. ते डोळ्यांखालून जातील, जिभेवर एकही बसणार नाही. कुठलीही फी भरण्याआधी एक तास वर्गात बसून पाहा. बसू देत नसतील तर परत या.

प्रश्न : शब्द आणि मराठी अर्थ लिहून दोन वह्या भरल्या. पेपरात ओळखतो, बोलताना अडतो.

ही वहीच अडचण आहे. शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहिला की आपण मनात मराठी वाक्य रचतो आणि त्यातले शब्द बदलत जातो. 'कडक' घ्या. कडक चहा 'स्ट्राँग', कडक शिस्त 'स्ट्रिक्ट', आणि कडक उकडलेलं अंडं 'हार्ड-बॉइल्ड'. जोराचा पाऊस मात्र 'स्ट्राँग' नाही, 'हेवी'. आपण स्वप्न पाहतो, म्हणून मुलं 'सॉ अ ड्रीम' लिहितात. तिथे 'हॅड' हवं. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागतच नाही, तरी दर दुसऱ्या उत्तरपत्रिकेत ते असतं.

म्हणून शब्द जोडीदारासकट, म्हणजे ज्या शब्दासोबत तो वापरतात त्याच्यासकट उतरवा. त्याखाली तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य, मग स्वतःचं एक. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. पान झाकून आधी आठवायचं, अडलं तरच उघडायचं. नुसतं वाचत गेलं की शब्द ओळखीचा वाटतो आणि 'येतोय' असा भास होतो. स्वतःचं वाक्य मात्र त्याच दिवशी शिक्षकांकडून तपासून घ्या. चुकीचं वाक्य सोळा दिवस घोटलं तर तेच पक्कं होतं.

प्रश्न : शब्दकोश कोणता?

शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी. लाँगमन या प्रकाशनाच्या अशा कोशात व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांतच असतात. पातळी शिक्षकांना विचारून ठरवा.

प्रश्न : मुलाखतीत जड शब्दांनी छाप पडते, असं ऐकलं.

ऐकीव आहे, सोडून द्या. इंग्रजी शिक्षणाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांची नेहमीच्या वापरातल्या सुमारे 2000 मूळ इंग्रजी शब्दांची यादी 1953 साली आली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचातले जवळपास चार शब्द अशाच नेहमीच्या शब्दांमधले असतात. 'स्टार्ट' नीट वापरता येत नसेल तर 'कमेन्स' कशाला? जाणकाराला तुमची एक सराव मुलाखत घ्यायला सांगा.

प्रश्न : मुलगी सहावीत. कालचा शब्द आज विसरते, वाचताना अक्षरं गाळते. मोठी झाली की जमेल, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका. तिला मराठी उतारा मोठ्याने वाचायला द्या. तिथेही अक्षरं गळत असतील, तर प्रश्न इंग्रजीचा नाही आणि शब्द पाठ करून घेतल्याने सुटणारही नाही. तिला फक्त वाचनाची धास्ती बसेल. याच आठवड्यात डोळे तपासून घ्या आणि शाळेच्या समुपदेशकांना भेटा. त्यांनी सुचवलं तर विशेष शिक्षकांकडून वाचनाची तपासणी करून घ्या. तोवर पाठांतर बंद ठेवा.