रिंक बंद, स्पर्धा व्हिडिओवर: कोर्टावरचा प्रोग्रॅम कसा बसवायचा

ताई, मुलगी सुट्टीत गुरुग्रामला जाऊन बर्फावर फिगर स्केटिंगचा सराव करायची, आता रिंक बंद आहे आणि स्पर्धेसाठी कोल्हापुरातूनच व्हिडिओ पाठवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी परिपत्रक बघा: चाकांवरचा प्रोग्रॅम (गाण्यावर बसवलेला सलग खेळ) मागितलाय, की साध्या बुटांवर जमिनीवरच्या उड्या? पुढचं चाकांबद्दल.

आपल्याकडे पोरांकडे बहुतेक स्पीडचे इनलाइन (एका ओळीत चाकं असलेले स्केट) असतात. ते इथे चालत नाहीत. त्यांची सगळी चाकं सपाट टेकतात, त्यामुळे एजवर, म्हणजे एका कडेवर झुकून, वळता येत नाही. फिगर स्केटिंगच्या फ्रेमला (बुटाखालच्या चाकांच्या पट्टीला) तीन चाकं, मधलं जरा खाली, पुढे रबरी स्टॉपर. फ्रेम जुन्या बुटाला बसवा. बर्फावरच्या चालू बुटाचं ब्लेड काढलं तर पुन्हा नेमकं त्याच जागी बसवणं अवघड जातं. स्टॉपर टो-पिकसारखा (ब्लेडच्या पुढच्या दातांसारखा) रुतत नाही, नुसता टेकतो. म्हणून टो-लूप, फ्लिप, लुट्झ या टोक टेकवून मारायच्या उड्या आधी एका फेऱ्याच्याच बसवा.

बर्फावरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. रिंक 60 × 30 मीटर, बास्केटबॉल कोर्ट 28 × 15. चार क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वेग घेणं) होईतो कोपरा येतो, वेग नसताना उडी मारली की फेरा अपुरा राहतो. नेमका पाव फेरा कमी पडला तर तांत्रिक पॅनेल (उड्या तपासणारे अधिकारी) q ही खूण लावतं, त्याहून जास्त कमी पडला तर <, अर्धा किंवा अधिक कमी पडला तर <<. म्हणून अवघड उडी कर्णावर घ्या, तिथे जवळपास 32 मीटर मिळतात. उड्या कमी करा, मोकळ्या झालेल्या वेळात वळणं आणि हातांचं काम भरा. फार खोल झुकू नका, चाक सरकतं.

फरशी कोरडीच हवी. जून ते ऑगस्ट आपल्याकडे छताखालच्या कोटा फरशीलाही ओल सुटते, आणि ओल्या फरशीवर चाक धरत नाही. हाताला ओल लागली तर त्या दिवशी उड्या नकोत.

मोबाइल आडवा, स्टँडवर, लांब बाजूच्या मध्यावर, छातीच्या उंचीला. परीक्षकांचं टेबलही लांब बाजूलाच असतं. 1080p, सेकंदाला 60 फ्रेम. 30 वर लँडिंगचा पाय पुसट येतो आणि फेरा पूर्ण झाला का ते कळत नाही. सगळा प्रोग्रॅम एकाच टेकमध्ये घ्या, पाय फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका, झूम करू नका. स्पीकर मोबाइलजवळ ठेवा. गाणं नंतर चिकटवलं तर जुळणी बिघडते आणि कापाकापीचा संशय येतो.

काँक्रीटवर लँडिंगचा सगळा दणका नडगीला बसतो. सरावात उड्या एक दिवसाआड ठेवा. नडगी दाबल्यावर दुखली तर उड्या थांबवून नुसत्या एज आणि स्पिन करून घ्या.